सव्वाअकराचा मिसकॉल

साळवे सिस्टरना 'काय' या प्रश्नात रस नव्हता. काय दुखतं, काय झालं, काय खाल्लं, हे सगळं जग विचारतं. त्यांचा प्रश्न एकच होता. कधी?

माझी आणि त्यांची ओळख याच प्रश्नामुळे झाली, आणि तीही माझी अब्रू जाऊन. बीड जिल्ह्यात, चकलांब्याच्या पलीकडं आमचं आरोग्य केंद्र. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही; नाव सांगितलं की वाचणाऱ्यांपैकी कुणाची तरी आत्या तिथली निघते आणि मग मला गेवराईच्या बाजारात तोंड लपवत फिरावं लागतं. मी तिथं औषधाच्या खिडकीत नव्यानं रुजू झालेलो, आणि दुसऱ्याच दिवशी तासभर उशिरा पोचलो. मी गावच्या जत्रेत पंधरा वर्षं खलनायकाची कामं केलेला माणूस. चेहऱ्यावर योग्य ती व्यथा आणून म्हणालो, "गाडी पंक्चर झाली."

व्हरांड्यात लसीचा डबा आवरत बसलेल्या एका ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "कधी?"

"सकाळी. साडेआठला."

"कुठं काढलं?"

"चकलांब्यात, स्टँडसमोर."

"त्यो पंक्चरवाला दहाला उघडतो," त्या म्हणाल्या. "झोपलावता म्हणा की भाऊ. झोपणं काय गुन्हा न्हाई." आणि स्वतःच्या थर्मासातला अर्धा कप चहा माझ्यापुढं सरकवला. तेव्हापासून मी त्यांच्याशी खोटं बोललो नाही. म्हणजे, वेळ घालून तरी नाही.

त्यांच्या डाव्या मनगटावर मोठ्या तबकडीचं चावीचं पुरुषी घड्याळ असायचं. ते त्यांच्या वडिलांचं. वडील शाळेत शिपाई होते आणि शाळेची घंटा त्यांच्या हातात होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी घड्याळाची चेष्टा केली, तेव्हा त्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता सहज सांगून गेल्या, "आमच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं. पण माझ्या बापाच्या हातची वेळ सगळ्या गावाला चालायची. पाटील बी टोला ऐकून आंघोळीला उठायचे." त्यांनी भाकरी संपवली आणि घड्याळाला चावी दिली.

फोन सिस्टर चष्म्याच्या जुन्या पेटीत ठेवत. बटणांचा फोन. आणि सोबत एक वही. सरकारी रजिस्टरं डझनभर होती, पण ही वही त्यांची स्वतःची. त्यात प्रत्येक घराचा नंबर आणि नंबरापुढं तो उचलायची वेळ. मेंढ्या चारणारा सोनबा दुपारी बाराच्या पुढं, झाडाखाली टेकल्यावर. बँडवाला शेख चाचा लग्नसराईत सकाळी सातलाच, एरवी कधीही. ऊस तोडायला गेलेली माणसं संध्याकाळी, भाकऱ्या चालू असताना, कारण तेव्हा टोळीतल्या बाया चुलीपाशी सापडतात आणि बाया सापडल्या की लेकरांचा खोकला-ताप खरा कळतो. इतर गावांच्या सिस्टर "फोनच लागत नाही" म्हणून कपाळाला हात लावत. आमच्या सिस्टर म्हणत, "फोन कावून लागल? तुमी तुमच्या सवडीनं लावताव."

या वहीवर एकदा राजकारणाची नजर गेली. निवडणूक तोंडावर होती. एका पुढाऱ्याचा पांढऱ्या बुटातला कार्यकर्ता आला आणि खुर्ची न विचारता ओढून बसला. म्हणाला, सिस्टर, ती वही दोन दिवस द्या, साहेबांचे शुभेच्छांचे मेसेज पाठवायचेत. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होतो. असे प्रवेश मी सोडत नाही. सिस्टर वही छातीशी धरून शांतपणे म्हणाल्या, "ह्ये नंबर लोकांनी मला दुखण्यासाठी दिलेत. साहेबांना काय दुखायला लागलं तर घेऊन या, लगेच लावू." कार्यकर्ता आठ दिवस तो विनोद होता की अपमान, याचा विचार करत फिरत होता.

आता टोळ्यांचं. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं ट्रकमध्ये चढतात आणि ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात. टोळी कुठं उतरली हे मुकादम नीट सांगत नाही. सिस्टरनी त्यावर एक युक्ती काढली होती. मुकादमाचा फोन लागला नाही, की त्या फोन ठेवत नसत. कानाला धरून आतली बाई कोणत्या भाषेत बोलते ते ऐकत. मराठी बोलली तर टोळी इकडंच. कानडी बोलली तर हद्द ओलांडली. वहीत त्या नंबरापुढं लिहायच्या, 'कानडी बाई'. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांना पाठ झालं होतं. कंटाळा आला की त्या ते आम्हाला म्हणून दाखवत, अगदी त्या बाईच्याच नाजूक आवाजात: "नीवु करे माडिद चंदादाररु व्याप्ति प्रदेशदिंद होरगिद्दारे." अर्थ कुणालाच शब्दशः ठाऊक नव्हता; माणूस फोनच्या टप्प्याबाहेर आहे, एवढंच कळायचं. पण मी नाटकवाला आहे, आणि सांगतो, फेक अप्रतिम होती.

मग आमच्याकडं एक फोनचा प्रकल्प आला. टीबीच्या गोळ्यांच्या पाकिटात प्रत्येक गोळीमागं एक नंबर लपलेला. गोळी दाबून काढली की नंबर दिसतो. त्या नंबरावर मिसकॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत. मिसकॉल आला की तालुक्याच्या कॉम्प्युटरवर त्या पेशंटच्या नावापुढं त्या दिवसाचा हिरवा ठिपका पडतो. नाही आला तर लाल. सहा महिने रोज गोळी घ्यायची, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ सहा महिन्यांचा. म्हणजे आमच्याच लोकांसाठी ही सोय केली असावी असं वाटायचं. कल्पना खरंच चांगली होती. मी आजही तिला नावं ठेवत नाही.

आमच्या पेशंटांत एक होता दत्ता. तिशीचा, शेलाटा, पायाला चाक असल्यासारखा. श्रावणात खोकत आला, तपासणीत टीबी निघाला, औषध सुरू झालं. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, आणि दिवाळीनंतर तो बायको आणि दोन वर्षांच्या लेकीला घेऊन टोळीबरोबर गेला. सिस्टर त्या पंधरवड्यात स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणासाठी अंबाजोगाईला होत्या. पुढच्या तीन महिन्यांची पाकिटं घ्यायला दत्ताची आई, गोदाकाकू, माझ्या खिडकीवर आली. मी पाकिटं दिली. कर्तव्यदक्ष चेहऱ्यानं विचारलंसुद्धा, "त्याला पाठवता ना?" ती म्हणाली, "पाठवते की." कधी पाठवता, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न तेव्हा अंबाजोगाईला होता.

संक्रांतीच्या आगेमागे तालुक्याला बैठक झाली. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर गावोगावचे ठिपके. आमच्या केंद्राची रांग पोपटासारखी हिरवीगार. आमचे डॉक्टर इतके फुलले होते की त्यांच्या शर्टाची मला काळजी वाटली. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी आमचं नाव घेतलं, जिल्ह्याच्या सत्कारासाठी पाठवतो म्हणाले, टाळ्या झाल्या. त्यातही दत्ताची ओळ खास. एकही लाल नाही. साहेब म्हणाले, ऊसतोड करूनही एक दिवस न चुकवणारा पेशंट, याला म्हणतात जागृती.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला. "साहेब, ह्ये हिरवं रोज कधी होतंय?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. सिस्टर उठून पडद्यापाशी गेल्या आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला म्हणाल्या, मिसकॉल किती वाजता येतो ते दाखवा. त्यानं दाखवलं. सव्वाअकरा. अकरा चौदा. सव्वाअकरा. अकरा सोळा. महिनाभर तेच. सभेत कुणाला त्यात काही वावगं दिसेना. साहेब म्हणाले, "छान आहे की. शिस्त आहे."

"ऊस तोडणारा पहाटे चारला फडात जातोय," सिस्टर म्हणाल्या. "सव्वाअकराला त्याच्या हातात कोयता आसतो, फोन नसतो. आन गोळी खाणारं माणूस कवातरी विसरतं, कवातरी जेवल्यावर खातं. न चुकता एकाच टायमाला फकस्त देवपूजा हुती."

डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांनी बसायची खूण केली. साहेब जरा कडक झाले. म्हणाले, ठिपका हिरवा आहे ना, मग केंद्राचं काम झालं. सिस्टर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "हिरवा हाय साहेब. पण खोटा हाय. मी बघून येते, मग लाल करा." त्या एवढं बोलून पर्स उचलून निघाल्यासुद्धा. आमचा सत्कार त्या दारातून त्यांच्या मागोमाग निघून गेला, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही गोदाकाकूच्या दारात उभे. मला त्यांनी का नेलं? म्हणाल्या, "पाकिटं तुमी दिलीत." बस, एवढंच. आत गोदाकाकूची पूजा चालू होती. देवांपुढं दिवा, दिव्याशेजारी गोळ्यांचं पाकीट, त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोट. शेजारी दत्ताचा फोन. आम्ही उंबऱ्यातच थांबलो. काकूनं हात जोडले, पाकिटातल्या त्या दिवसाच्या गोळ्या दाबून काढल्या, डोळ्यांजवळ नेऊन नंबर वाचत एकेक बटण दाबलं, फोन कानाला लावला, कट झाल्यावर कपाळाला लावला. आणि गोळ्या वनस्पती तुपाच्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या. डब्यात गोळ्या पडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. डबा बराच भरला होता.

मी माझ्या डोळ्यांनी घड्याळ बघितलं. सव्वाअकरा.

काकूला आम्ही दिसलो तेव्हा ती खुलली. "बगा सिस्टर, एक दिस चुकले न्हाई. दत्ता म्हणला, आई, मिसकॉल चुकला तर सरकारात नाव कटतंय. म्हणून फोन माझ्यापाशी ठुला." गोळ्या डब्यात का, असं विचारल्यावर म्हणाली, "आल्यावर खाईल की. जपून ठुल्यात."

मी वाट बघत होतो की सिस्टर आता फुटणार. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्यावानी काम आख्ख्या तालुक्यात कुणी केलं न्हाई." मग त्यांनी काकूला समजावलं, की मिसकॉल ही गोळी खाल्ल्याची वर्दी आहे, तिनं खोकला बरा होत नाही, आणि अर्ध्यावर सोडलेला खोकला अंगावर उलटतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. काकूनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बारकी त्याच्या कुशीत निजती वो."

आता दत्ताला शोधायचं होतं. त्याचा फोन देवापाशी. मुकादमाला लावला, त्यानं उचलला, म्हणाला आम्ही सांगलीकडं आहोत, इकडं येऊन काय करता, सगळे ठणठणीत आहेत. आरोग्य खात्याची माणसं आली की तोडणी बुडते, हे त्याचं गणित. सिस्टरनी अर्ध्या तासानं परत लावला. आता त्याचा फोन लागेना. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. नाजूक आवाज: नीवु करे माडिद. "सांगलीत ही बाई कवापासून बोलाया लागली?" सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी त्या टोळीतल्या माणसांची घरं धरली. प्रत्येक म्हाताऱ्याला एकच प्रश्न: पोराचा फोन कधी येतो? एका म्हाताऱ्यानं सांगितलं, मंगळवारी, तिथला बाजार असतो त्या दिवशी. आणि बोलताना मागं कारखान्याचा भोंगा वाजतो. मंगळवारचा बाजार आणि बाजारात ऐकू येणारा भोंगा. मी हे घेऊन आमच्या गावच्या हनुमंताकडं गेलो. तो कैक वर्षं ऊस वाहणारा ट्रक चालवतो. बिडीचा झुरका घेत म्हणाला, "अथणीच्या पुढं, कर्नाटकात. दुसरीकडं आसूच शकत न्हाई. पण कावून बे जगताप, तुझं तिथं काय?"

डॉक्टरांनी रजा देताना कपाळाला आठ्या घातल्या. आपली हद्द तालुक्याची, तुम्ही परराज्यात कुठं निघालात? सिस्टर म्हणाल्या, "खोकल्याला हद्द ठाऊक न्हाई, सर." मीही किरकोळ रजेचा अर्ज टाकला. कारणात लिहिलं, 'घरगुती'. ते खोटं नव्हतं.

हनुमंताच्या ट्रकनं आम्ही पहाटे निघालो आणि दुपारी उतरलो. कारखान्याच्या फाटकावर एक आडदांड वॉचमन. त्याला मराठी येत नाही असं तो दाखवत होता. मी हातवारे केले, अभिनयाची पंधरा वर्षांची पुंजी ओतली. तो मला हाकलायच्या बेतात. तेवढ्यात सिस्टर पुढं झाल्या, पदर सावरला, हात जोडले, आणि त्यांना येत असलेलं एकुलतं एक कानडी वाक्य अत्यंत आदरानं म्हणाल्या: "नीवु करे माडिद चंदादाररु व्याप्ति प्रदेशदिंद होरगिद्दारे."

वॉचमननं स्वतःच्या फोनकडं बघितलं. सिस्टरकडं बघितलं. परत फोनकडं बघितलं. मग तो स्टुलावर बसला आणि इतका हसला की त्याची टोपी पडली. आतून आणखी दोघांना बोलावून त्यानं सिस्टरना ते परत म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं. मग तो चक्क मराठीत म्हणाला, "बाई, फोनमधल्या बाई तुमीच काय?" आणि स्वतः पुढं होऊन आम्हाला बीडवाल्यांच्या कोप्यांपर्यंत सोडून आला. उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्या दुपारच्या उन्हात पेटल्यासारख्या दिसत होत्या.

दत्ता गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. लेक मांडीवर. आम्हाला बघून त्यानं खोकला दाबला. दाबल्यानं त्याचे खांदे हलले, आणि ते सगळ्यांत आधी सिस्टरनी पाहिलं. मला वाटलं त्या सरळ त्याच्याकडं जाणार. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या मुकादमापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"टोळीतल्या सगळ्यांची थुंकी तपासायची हाय," त्या म्हणाल्या. "तान्हं सोडून झाडून सगळ्यांची. मुकादम, पयले तुमी." आणि पिशवीतून डबी काढून त्याच्या हातात दिली.

मुकादम मिशीला पीळ देत म्हणाला, मला काय धाड भरलीय? सिस्टर म्हणाल्या, मग भ्यायचं काय? सगळी टोळी बघत होती. तो डबी घेऊन कोपीमागं गेला. त्याच्यामागं रांग लागली, आणि त्या रांगेत दत्ताही उभा राहिला, सगळ्यांसारखा, एक माणूस. कुणाला काही कळलं नाही. मी डब्यांवर नावं लिहीत होतो. जन्मभर नाटकं केली, पण इतकं सफाईदार नाटक पाहिलं नव्हतं.

रांग पांगल्यावर त्या दत्ताजवळ बसल्या. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "बरं वाटत होतं सिस्टर. आन गोळ्या दिसल्या असत्या तर मुकादमानं आमची नवरा-बायकोची जोडी माघारी धाडली असती. आईला म्हणलं, नाव तरी कटू न्हाई."

"नाव कुटं जात न्हाई, दत्ता. नाव वहीत ऱ्हातंय. माणूस जातंय," त्या म्हणाल्या. थोडं थांबून विचारलं, "ही तुझ्याजवळ कधी निजती?"

"रोज," तो म्हणाला. आणि मग तो मोठा माणूस उसाच्या पाचटात तोंड घालून रडला. सिस्टरनी त्याला रडू दिलं. घड्याळ बघितलं नाही.

पुढचं सांगायला सोपं आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात दत्ताची थुंकी खराब निघाली. नशिबानं साध्या गोळ्या अजून चालणार होत्या. तिथली कानडी सिस्टर आणि आमच्या सिस्टर बोटं मोजत, खाणाखुणा करत अर्धा तास बोलल्या आणि औषध पहिल्या दिवसापासून परत सुरू झालं. लेकीलाही जपणुकीचं औषध मिळालं. शेजारच्या कोपीतल्या एका विश्वासू बाईचा फोन गोळीच्या नंबरासाठी ठरला. आणि गोदाकाकूचं काम सिस्टरनी काढून घेतलं नाही, बदललं. दत्तानं गोळी खाल्ली की त्याच फोनवरून आईला दोन रिंगा द्यायच्या. दिवेलागणीनंतर तासाभरात रिंग आली नाही तर काकूनं सिस्टरना कळवायचं. काकू म्हणाली, मी जागतेच की. आणि जागली.

तालुक्याच्या पडद्यावर आमची रांग लाल झाली, सत्काराची ढाल दुसऱ्या केंद्राला गेली, आणि डॉक्टर आठ दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. मी काय केलं होतं कुणास ठाऊक. फेब्रुवारीत पुन्हा हिरवे ठिपके पडू लागले. सिस्टर मला तालुक्याला घेऊन गेल्या आणि वेळा काढून दाखवल्या. पावणेआठ. सव्वासात. आठ वाजून गेलेले. मधे एक दिवस लालच. सिस्टर त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून हसल्या. "आता माणूस गोळ्या खातंय," म्हणाल्या.

दत्ता बरा झाला. सिस्टरची नोकरी संपली. निरोपाच्या भाषणात त्या साडेतीन मिनिटं बोलल्या, मी मोजली.

मागच्या आठवड्यात त्या मला गेवराईच्या स्टँडवर दिसल्या. बाकावर, मांडीवर चष्म्याची पेटी. मी शेजारी बसलो. गप्पा चालू असताना पेटीत दोन रिंगा वाजल्या आणि थांबल्या. त्यांनी फोन उचलला नाही. घड्याळ बघितलं, पिशवीतून ती वही काढली आणि वेळ लिहिली.

"कुणाचा?"

"दत्ताचा. गोदाकाकू गेल्यापासून मला देतो."

मी म्हणालो, त्याचं औषध तर केव्हाच संपलं. त्या वही मिटत म्हणाल्या, "फकस्त औषध संपलंय."

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीत बसल्या. मी खाली उभा राहून, आपण सगळे म्हणतो तसं म्हणालो, "येतो एकदा घरी, सिस्टर."

गाडी हलली. खिडकीतून तो जाड चष्मा माझ्याकडं वळला.

"कधी?"

मी घाबरून म्हणालो, "मंगळवारी. अकराला." त्यांनी वही उघडलेली मला दिसली, आणि गाडी वळणावरून गेली. आज सोमवार आहे.